‘कर्व्हबॉल’: मैदानातला आणि बोलण्यातला

अर्धविराम

एका अमेरिकन मालिकेच्या मराठी उपशीर्षकांचं काम चालू आहे. ‘कर्व्हबॉल’ (मुळात बेसबॉलमधला वळणारा चेंडू) हा शब्द तीन ठिकाणी आलाय आणि तिन्ही प्रसंगांत बेसबॉलचा काडीमात्र संबंध नाही.

पहिला प्रसंग: नोकरीची मुलाखत छान चाललेली असते, शेवटी एक भलताच प्रश्न येतो. बाहेर आल्यावर ती म्हणते, ‘दे थ्रू मी अ कर्व्हबॉल.’

दुसरा: नवरा-बायकोने निवृत्तीनंतरचं सगळं ठरवलेलं असतं आणि तेवढ्यात आजाराचं निदान होतं. ‘लाइफ थ्रू अस अ कर्व्ह.’ इथे ‘बॉल’ शब्दच नाही.

तिसरा: ऑफिसातल्या नव्या साहेबाबद्दल दोघांची कुजबुज. ‘ही कान्ट हिट अ कर्व्हबॉल.’

ढोबळ अर्थ कळतो. पण मूळ चेंडू हवेत नेमकं काय करतो, आणि त्यातली कोणती गोष्ट बोलण्यात उतरली, हे कळल्याशिवाय मराठी शब्द नक्की करवत नाहीये. तिन्हीकडे ‘गुगली’ टाकून मोकळं व्हावं का? एका ओळीत चाळीसेक अक्षरं मावतात, त्यामुळे खुलाशाला जागा नाही.

---

शिवणरेषा

आधी चेंडू हातात घेऊ. परीघ ९ ते ९¼ इंच, वजन ५ ते ५¼ औंस, म्हणजे साधारण १४२ ते १४९ ग्रॅम. क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका, आकाराने किंचित मोठा. शिवण मात्र क्रिकेटसारखी मधोमध सरळ जात नाही. लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके चेंडूभर नागमोडी फिरतात आणि कुठूनही पाहिलं तरी घोड्याच्या नालासारखा वळसा दिसतो. कर्व्हबॉलची सगळी पकड या नालावर आहे.

पकड अशी: मधलं बोट नालाच्या लांब बाजूने शिवणीला लावून घट्ट दाबायचं. तर्जनी त्याला खेटून, पण नुसती टेकलेली. तिने दाब दिला तर फिरक मरते. अंगठा खाली, पलीकडच्या शिवणीवर. फास्टबॉल (म्हणजे सरळ, वेगवान चेंडू) बोटांच्या टोकांवर असतो, हा त्याहून थोडा खोल बसतो, पण तळव्यात रुतलेला नको.

हात फास्टबॉलच्याच वेगाने यायला हवा. फरक शेवटच्या क्षणी. फास्टबॉलला तळवा बॅटरकडे असतो आणि बोटं चेंडूच्या मागून खाली घसरतात, त्यामुळे चेंडू उलटा फिरतो (बॅकस्पिन). कर्व्हला तळवा स्वतःच्या डोक्याकडे वळलेला असतो, खिळा ठोकताना हातोडी धरतो तसा. मधलं बोट चेंडूच्या वरून पुढे आणि खाली ओढायचं. चेंडू तर्जनीच्या कडेवरून गडगडत सुटतो आणि जमिनीवरच्या चाकासारखा पुढच्या दिशेने फिरतो. हा टॉपस्पिन.

पुढचं काम हवेचं. फिरणारा चेंडू आपल्या मागची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः विरुद्ध बाजूला ढकलला जातो. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. फास्टबॉलला तो वर उचलून धरतो, कर्व्हला खाली दाबतो.

आता आकडे. पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) पट्टी ते होम प्लेट (बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो ती पाटी) हे अंतर १८९३ पासून ६० फूट ६ इंच आहे. पिचर पुढे झेपावून टाकतो, त्यामुळे चेंडूचा खरा प्रवास ५५ फुटांच्या आसपास. ताशी ९५ मैलांचा फास्टबॉल तिथे सुमारे ०.४ सेकंदात पोचतो, ताशी ७८ मैलांचा कर्व्ह ०.५ सेकंदात. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने ०.४ सेकंदात चेंडू अडीच-पावणेतीन फूट खाली येईल, ०.५ सेकंदात चार फूट. त्यात फिरकेचा हिशेब धरा: फास्टबॉल त्यातले फूट-सव्वा फूट वाचवतो, कर्व्ह उलट जवळपास एक फूट आणखी खाली जातो.

थोडक्यात, हा चेंडू फास्टबॉलहून उशिरा आणि बराच खाली येतो. नाव ‘कर्व्ह’ असल्यामुळे आपल्याला वाटतं की तो स्विंगसारखा आडवा वळत असेल. थोडा वळतोही, पण मार बसतो तो खाली पडण्याचा आणि उशिरा येण्याचा. घड्याळाच्या बाराच्या आकड्यावरून सहाच्या आकड्याकडे पडणाऱ्या उभ्या कर्व्हला तिथे ‘बारा ते सहा’ असंच म्हणतात.

क्रिकेटमध्ये जवळची गोष्ट शोधायची तर टॉपस्पिनरची हवेतली ‘डिप’. फलंदाज पुढे येऊन ड्राइव्ह करायला जातो आणि चेंडू अपेक्षेआधीच खाली बसतो, तसं. फक्त बेसबॉलमध्ये टप्पा नाही, जे काही व्हायचं ते हवेतच.

---

वेलांटी

शिवणरेषा यांचा ‘उशिरा’ हा शब्द धरून ठेवा, भाषांतराची किल्ली तिथेच आहे.

बोलण्यातल्या कर्व्हबॉलमध्ये तीन गोष्टी असतात. एक, माणूस कशाची तरी तयारी करून उभा आहे. दोन, येणारी गोष्ट त्याच जातीची आहे, पण त्याच्या अंदाजाप्रमाणे नाही. मुलाखतीत प्रश्नच येतो, पण भलता. तीन, ती नियमात बसते. हा तिसरा मुद्दा बहुतेक जण विसरतात. कर्व्ह हा चोरटा चेंडू नाही. थुंकी लावून टाकायचा ‘स्पिटबॉल’ १९२० पासून बंद आहे, कर्व्ह कायदेशीर आहे आणि तो येऊ शकतो हे बॅटरला पक्कं ठाऊक असतं. फक्त आत्ता येईल हे ठाऊक नसतं. म्हणून ‘फसवलं’, ‘दगा दिला’, ‘कात्रजचा घाट दाखवला’ हे सगळं बाद. त्यात समोरच्याचा कावा येतो, मूळ शब्दात तो असेलच असं नाही.

आणखी एक सापळा. चेंडूची फिरक डोक्यात असल्यामुळे ‘फिरकी’ शब्द हाताशी येतो आणि ‘त्यांनी माझी फिरकी घेतली’ असं लिहिलं जातं. मराठीत फिरकी घेणं म्हणजे थट्टा करणं. वाक्य सहज वाचलं जातं आणि अर्थ साफ बदलतो. अशा चुका संपादकाच्याही नजरेतून सुटतात, कारण वाक्य खटकत नाही.

आता गुगली. शब्द आपल्याकडे पुरता मुरलाय, क्रिकेट न बघणाराही ‘गुगली टाकली’ म्हणतो. पण त्याच्या दोन सवयी आहेत. गुगली टाकणारा कोणीतरी हुशार माणूस लागतो, आणि शब्दाला मिश्कील छटा आहे. म्हणजे पहिल्या प्रसंगात तो चपखल बसतो: मुलाखत घेणारे आहेत, प्रश्न आहे, बाईंचा स्वर वैतागलेला पण हलका आहे. दुसऱ्या प्रसंगात आजार आहे. ‘आयुष्याने गुगली टाकली’ असं हल्ली लिहितात, पण निदान ऐकून बसलेल्या माणसाच्या तोंडी ते थिल्लर वाटेल. इंग्रजीत तोच शब्द दोन्हीकडे चालतो, कारण वापरून वापरून त्याची धार गेलीय.

तिथे मराठीत क्रिकेट सोडून द्या. ‘पुढ्यात काय वाढून ठेवलंय’ हा प्रयोग याच कामासाठी आहे: ‘हे वाढून ठेवलंय, कुठे ठाऊक होतं!’ टाकणारा कोणी नाही, दोष कोणाचा नाही, अनपेक्षितपणा पूर्ण. कमी गंभीर अडचण असेल, म्हणजे प्रवास रद्द झाला वगैरे, तर ‘ऐन वेळी माशी शिंकली’. अडचण मूर्तिमंत समोर येऊन ठाकली असेल तर ‘दत्त म्हणून उभी राहिली’. ‘पायाखालची वाळू सरकली’ नको. ती प्रतिक्रिया झाली, घटना नव्हे, आणि कर्व्हबॉलपेक्षा फार जड आहे.

‘बॉल’ गाळल्याने अर्थ बदलत नाही. ‘थ्रो अ कर्व्ह’ आणि ‘थ्रो अ कर्व्हबॉल’ एकच.

---

चौथापंच

वरच्या माहितीला एक पुरवणी. कर्व्हबद्दल बोलताना लोक सर्रास म्हणतात की चेंडू शेवटच्या क्षणी ‘तुटतो’. तसं होत नाही. हातातून सुटल्यापासून तो सारखाच वळत असतो. पण सरळ रेषेपासूनचं अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. अर्धा वेळ गेला तेव्हा एकूण वळणाचा जेमतेम चौथा हिस्सा झालेला असतो, उरलेले तीन हिस्से दुसऱ्या अर्ध्यात. आणि बॅट फिरवायची की नाही हे बॅटरला पहिल्या अर्ध्यातच ठरवावं लागतं. त्याने ठरवलं तेव्हा वळण दिसण्याइतकं नव्हतं, दिसलं तेव्हा बॅट निघालेली होती.

लाक्षणिक अर्थ नेमका बॅटरच्या नजरेतून आलाय, पिचरच्या नाही. पिचरच्या दृष्टीने त्यात अचानक असं काहीच नाही.

यावरून वादही झडलेत. १९४१ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने छायाचित्रं छापून प्रश्न टाकला होता की कर्व्ह खरंच वळतो की नुसता दृष्टिभ्रम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे निवृत्त संचालक लायमन ब्रिग्ज यांनी १९५९ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यातले प्रयोग प्रसिद्ध केले. मिनिटाला १८०० फेरे घेणारा चेंडू ६० फुटांत साडेसतरा इंचांपर्यंत वळू शकतो, असं त्यातून निघालं. आजचे पिचर मिनिटाला २५०० च्या आसपास फेरे देतात. होम प्लेट १७ इंच रुंद असते, त्यावरून साडेसतरा इंच म्हणजे किती ते लक्षात येईल.

जनकत्वाचा मान सहसा कँडी कमिंग्ज यांना देतात. १८६३ मध्ये ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर शिंपले भिरकावताना ते वळतात हे पाहून कल्पना सुचली आणि १८६७ मध्ये हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात ती साधली, असं ते सांगत. फ्रेड गोल्डस्मिथ यांचाही दावा होता, पण १९३९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, गेले ते कमिंग्ज. त्या काळी चेंडू कमरेखालून टाकावा लागे. खांद्यावरून टाकायची मोकळीक नॅशनल लीग या व्यावसायिक स्पर्धेने १८८४ मध्ये दिली. खालून टाकलेल्या चेंडूला आडवी फिरक देणं सोपं, म्हणजे जुना कर्व्ह बराचसा आडवा वळत असणार. हात वर गेला, चेंडू खाली पडू लागला, नाव तेच राहिलं.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. ‘फिरकी घेतली’ खरोखरच कच्च्या मसुद्यात होतं, काढलं.

आणखी दोन शंका. त्याच मालिकेत ‘अहेड ऑफ द कर्व्ह’ आणि ‘ग्रेडिंग ऑन अ कर्व्ह’ आहेत. तीही याच कुळातली का? आणि तिसऱ्या प्रसंगाबद्दल कोणी बोललंच नाही. साहेबाला ‘कर्व्हबॉल मारता येत नाही’ म्हणजे तो निर्बुद्ध आहे असं म्हणायचंय का?

---

वेलांटी

दोन्हींचा बेसबॉलशी संबंध नाही. ते आलेखातले वक्र आहेत. ‘अहेड ऑफ द कर्व्ह’ म्हणजे इतरांच्या पुढे. ‘ग्रेडिंग ऑन अ कर्व्ह’ म्हणजे वर्गाच्या एकूण कामगिरीच्या मानाने गुण देणं. पाहायचा तो सोबतचा शब्द: ‘थ्रो’ असेल तर चेंडू. ‘ग्रेड’, ‘अहेड’, ‘बिहाइंड’ असेल तर आलेख.

जाता जाता, ‘स्क्रूबॉल’ भेटला तर तो बेसबॉलचाच. पण माणसाला स्क्रूबॉल म्हटलं तर तो विक्षिप्त, चक्रम. कर्व्हबॉल माणसाला म्हणत नाहीत, प्रसंगाला म्हणतात. ‘स्पिटबॉलिंग’ म्हणजे सुचेल ते बोलून पाहणं.

---

शिवणरेषा

तिसऱ्या प्रसंगाबद्दल. नाही, निर्बुद्ध नाही. उलट त्यात अर्धी स्तुती दडलेली आहे. बेसबॉलमध्ये हा नव्या खेळाडूंबद्दलचा ठरलेला शेरा आहे. शाळा-कॉलेजात जोरदार फास्टबॉल मारणारे पुष्कळ असतात. वरच्या पातळीवर पिचरला हे कळलं की तो फास्टबॉल दाखवतो आणि कर्व्ह खायला घालतो. मग बॅट लवकर फिरते, चेंडू तिच्याखालून जातो. प्रसिद्ध उदाहरण मायकल जॉर्डनचं. बास्केटबॉल सोडून १९९४ चा हंगाम तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून खालच्या लीगमध्ये खेळला आणि सरासरी राहिली .२०२. म्हणजे दर शंभर अधिकृत प्रयत्नांत वीस हिट (यशस्वी फटके). शरीरात काही कमी नव्हतं, वळणारे चेंडू आडवे आले.

तेव्हा कुजबुजीचा अर्थ असा: साहेब ठरावीक कामात ठीक आहे, अनपेक्षित काही आलं की अडखळतो. ‘सरळ चेंडू असेल तरच बॅट चालते’ असं म्हणता येईल. मराठी वाचकाला क्रिकेट डोळ्यांसमोर येईल आणि काही बिघडणार नाही.

कर्व्ह फसतो कसा हेही सांगून ठेवतो, कारण पुढच्या भागांत ‘हँगिंग कर्व्ह’ हमखास येईल. बोटं चेंडूच्या वर जाण्याऐवजी बाजूला घसरली किंवा चेंडू हातातून लवकर सुटला, की फिरक पुरेशी मिळत नाही. तो छातीच्या उंचीवर तरंगत राहतो, तोही ताशी ७५ मैलांच्या आरामशीर वेगाने. बॅटरसाठी याहून सोपा चेंडू क्वचितच. बोलण्यात हँगिंग कर्व्ह म्हणजे अवघड म्हणून टाकलेली, पण समोरच्याच्या आयती हातात पडलेली गोष्ट. वकिलाने उलटतपासणीत अडवायला प्रश्न विचारावा आणि साक्षीदाराला त्यातूनच बाजू मांडायची संधी मिळावी, तसं. ‘आयतं कोलीत दिलं’ जवळ जातं.

फसण्याची बाकी कारणं झटपट. कर्व्ह टाकताना हात मंदावला तर बॅटर आधीच ओळखतो. सुटताना चेंडू किंचित वर उसळला तरीही ओळखतो, कारण फास्टबॉल तसा उसळत नाही. नवा चेंडू गुळगुळीत असतो, म्हणून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत) सामन्याआधी प्रत्येक चेंडूला खास चिखल चोळून चकाकी घालवतात. डेन्व्हरचं मैदान सुमारे एक मैल उंचीवर आहे. हवा विरळ, ढकलायलाच कमी, त्यामुळे तिथे सगळ्यांचेच कर्व्ह बोथट होतात. आणि कोपर झटकून फिरक द्यायची नाही. हात वळवायचा तो चेंडू सुटण्याच्या आधीच वळवून ठेवायचा, झटका दिला की कोपराच्या आतल्या बाजूला ताण येतो.

---

चौथापंच

‘ड्यूस’, ‘नंबर टू’, ‘अंकल चार्ली’, ‘हूक’, ‘हॅमर’ ही सगळी कर्व्हचीच टोपणनावं. पहिली दोन कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणेवरून: एक बोट म्हणजे फास्टबॉल, दोन म्हणजे कर्व्ह. मेजर लीगमध्ये २०२२ पासून खुणांऐवजी बटणं दाबून निरोप देणारं यंत्र वापरायला परवानगी आहे, तरी नावं टिकून आहेत. मैदानातल्या संवादात ‘अंकल चार्ली’ आला तर ‘चार्लीकाका’ लिहू नका.

---

अर्धविराम

असं नक्की करतोय, कुठे खटकतंय ते सांगा.

पहिला: ‘शेवटी एक गुगली टाकलीच त्यांनी.’
दुसरा: ‘हे वाढून ठेवलंय, कुठे ठाऊक होतं!’
तिसरा: ‘सरळ चेंडू असेल तरच साहेबांची बॅट चालते.’

---

वेलांटी

पहिल्यातला ‘च’ काढा. ‘टाकलीच’ म्हटलं की ती टाकणार हे बाईंना आधीच माहीत होतं असा अर्थ निघतो, आणि कर्व्हबॉलचा सगळा मुद्दाच जातो. ‘शेवटी एक गुगली टाकली त्यांनी.’

तिसऱ्यात दोघे कुजबुजतायत, तर ‘साहेबांची’ आणि ‘असेल’ दोन्ही जड. ‘सरळ चेंडूवरच चालते साहेबाची बॅट.’ अक्षरंही वाचतील. दुसऱ्याला हात लावू नका.